ट्रॅक्टर घ्यावा की नांगरट घ्यावी?

शेतकऱ्याच्या दारात उभा असलेला ट्रॅक्टर वर्षातून किती तास चालतो? बारामती-इंदापूर भागातल्या कोणत्याही शाळेत आठवी-नववीच्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. मुले आपापले अंदाज सांगतील. ते फळ्यावर लिहून झाले की त्यांच्याखाली ८,७६० हा आकडा लिहावा. वर्षाचे तास एवढे होतात. मग भागाकार करायला सांगावा.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याकडे सरासरी किती जमीन असते? २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे ३.३ एकर. नांगरट, रोटर मारणे, सरी सोडणे, पेरणी, थोडीफार वाहतूक असे सगळे धरून एकरी वर्षाला दहा तास ट्रॅक्टर लागतो असे समजू. म्हणजे एका घरची गरज झाली ३३ तास. वर्षातल्या तासांच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. उरलेला सगळा वेळ ट्रॅक्टर उभा असतो, मात्र त्याचा खर्च उभा राहत नाही. व्याज चालू असते, विमा चालू असतो आणि लोखंडाची किंमत दरवर्षी उतरत असते.

हा खर्च आपण मांडून पाहू. पुढचे आकडे आम्ही हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. शिक्षकांनी त्यांच्या जागी आपल्या गावचे आकडे घालावेत. समजा ट्रॅक्टर आठ लाखांना घेतला आणि दहा वर्षांनी दोन लाखांना विकला. घसारा वर्षाला ६०,००० रुपये झाला. या काळात ट्रॅक्टरची सरासरी किंमत पाच लाख धरली तर ९ टक्क्यांनी व्याज ४५,००० होते. विमा, शेड व किरकोळ मिळून १५,००० धरू. एकूण १,२०,००० रुपये. ट्रॅक्टर जागचा हलला नाही तरी हे द्यावेच लागतात. चालवला तर डिझेल, ड्रायव्हर आणि झीज यांचे तासाला ६०० रुपये वेगळे.

आता वर्षाला ३३ तास वापरणाऱ्याला एक तास केवढ्याला पडला? स्थिर खर्चाचे ३,६३६ आणि चालवण्याचे ६००, मिळून ४,२३६ रुपये. शंभर तास वापरला तर १,८००, तीनशे तासांना १,००० आणि हजार तासांना ७२० रुपये. हे बिंदू आलेखावर मांडले की एक वक्र मिळतो. सुरुवातीला तो कड्यासारखा कोसळतो आणि पुढे जवळजवळ सपाट होतो. गणितात ज्याला आपण व्यस्त चलन म्हणतो ते येथे उघड दिसते. गावात भाड्याचा दर तासाला हजार रुपये असेल, तर ३०० तासांपर्यंत भाड्याने काम करून घेणे स्वस्त आणि त्यापुढे स्वतःचा ट्रॅक्टर स्वस्त. ३०० तास म्हणजे तीस एकर. ज्याच्याकडे सव्वातीन एकरच आहेत त्याने ट्रॅक्टर घेतला, तर त्याच कामाला तो वर्षाला १,०६,८०० रुपये जास्त मोजतो. हप्ते थकण्याचे मूळ पुष्कळदा येथे असते. त्यासाठी शेतकऱ्याला हौशी किंवा अडाणी ठरवण्याची गरज नाही.

पण एवढ्यावर निकाल द्यायचा असता तर हा लेख येथेच संपला असता. तीस घरांत मिळून एक ट्रॅक्टर आणा, तो वर्षाला हजार तास चालेल, सगळ्यांचा फायदा होईल. हे गणित बरोबर आहे, तरीही गावोगाव लोक ट्रॅक्टर विकत घेतात. केवळ प्रतिष्ठा हे कारण पुरेसे वाटत नाही. हिशेबात काहीतरी राहिले आहे.

एका तालुक्यात दोन उत्तरे

राहिलेली गोष्ट म्हणजे वाफसा. बारामती तालुका पर्जन्यछायेत येतो. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी पाऊस. नीरा डाव्या कालव्याच्या खालचा, नदीपर्यंतचा पट्टा बागायती आहे. वरचा सुपे-मोरगावकडचा भाग आजही बऱ्याच अंशी पावसाच्या भरवशावर असतो. तेथे रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत करायची, पण प्रत्यक्षात ती तेव्हा पडणाऱ्या एखाद्या चांगल्या पावसावर ठरते. पाऊस उघडल्यावर एकदोन दिवस चिखल असतो. मग वाफसा येतो आणि चारपाच दिवसांत वरची ओल उडून जाते. बी ओलीत पडले पाहिजे ते याच दिवसांत.

आता तोच तीस घरांचा ट्रॅक्टर या पाच दिवसांत उभा करून पाहू. एकूण जमीन ९९ एकर. पेरणीला एकरी एक तास धरला तर ९९ तास लागतात. ट्रॅक्टर रोज बारा तास चालवला तरी पाच दिवसांत मिळतात ६०. अठरा घरांची पेरणी होते आणि बारा घरे राहतात. पेरणीच्या आधी तण मारायला एक पाळी घालायची असेल तर नऊच घरांची होते. शेवटच्या घराचा नंबर यायला सोळा दिवस लागतील. त्याच्या रानात तोवर ओल कोठली? वर्षाचे हजार तास पुरेसे होते, पण या पाच दिवसांचे साठ तास पुरले नाहीत. जो राहिला त्याचे एक पीक गेले, आणि पीक गेल्याचा तोटा भाड्यात वाचलेल्या पैशांपेक्षा मोठा असू शकतो. पुढच्या वर्षी तो कर्ज काढून ट्रॅक्टर आणतो. ट्रॅक्टरबरोबर तो आपला नंबरही विकत घेत असतो.

कालव्याखालच्या पट्ट्यात मात्र चित्र वेगळे दिसते. उसाची आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सुरू डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. मध्ये खोडव्याची कामे. म्हणजे नांगरटीची, सरी सोडण्याची मागणी वर्षभर विखुरलेली असते. एका ट्रॅक्टरला तीस घरे सांभाळणे येथे जमते. भाड्याने काम करून घेणे एकाच तालुक्यात एकीकडे शहाणपणाचे आणि दुसरीकडे धोक्याचे ठरते. फरक माणसांच्या स्वभावात नाही, मागणी एकाच वेळी येते की वेगवेगळ्या वेळी, यात आहे.

विजेच्या इंजिनिअरांना ही गोष्ट जुनीच ठाऊक आहे. सगळ्यांचे दिवे संध्याकाळी सातला लागतात म्हणून वीजकेंद्र सातच्या मागणीला पुरेल एवढे बांधावे लागते, दिवसाच्या सरासरीला पुरेल एवढे बांधून भागत नाही. लग्नाच्या मांडवाचेही तेच. मांडव आणि जेवणावळीची भांडी कोणी विकत घेत नाही, कारण घरात दहा वर्षांतून एखादे लग्न. पण दाट तिथी आली की सगळ्यांना एकाच दिवशी मांडव लागतो, आणि मग मांडववाल्याचा भाव ऐकावा लागतो.

यंत्र हलवता आले तर या अडचणीतून एक वाट निघते. महाराष्ट्रात गहू-सोयाबीनच्या काढणीला पंजाब-हरियाणाकडची मोठी काढणी यंत्रे येतात. आपल्याकडे गहू फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकतो, पंजाबात एप्रिलमध्ये. म्हणून यंत्र आधी येथे आणि मग तेथे चालते. पिकण्याची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते आणि यंत्र तिच्यामागून जाते. अमेरिकेत याच रीतीने काढणी यंत्रांचे ताफे टेक्सासपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत गव्हामागे जातात. अक्षांशाचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. सुप्याच्या वाफशाला मात्र असा उपाय नाही. एकाच पावसाने भिजलेली शेजारशेजारची गावे एकाच दिवशी वाफशावर येतात.

२०१४-१५ पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून भाड्याने औजारे देणाऱ्या केंद्रांना, म्हणजे आपण ज्यांना औजार बँक म्हणतो त्यांना, अनुदान मिळते. चांगली गोष्ट आहे. पण बँकेत औजारे किती असावीत हे वर्षाच्या एकूण तासांवरून ठरवले, तर जिरायती गावात ती बँक ऐन गरजेच्या दिवशी रिकामी सापडेल, असे आम्हांला वाटते.

पैसे कशाचे मोजायचे?

वस्तू विकत घेतली की प्रश्न मिटतो: वस्तूही आपली आणि तिची दुरुस्तीही आपली. सेवा घेतली की नवा प्रश्न येतो. पैसे कोणत्या मापाने द्यायचे? हे वरवर किरकोळ वाटते, पण काम कसे होणार हे पुष्कळदा मापच ठरवते.

नांगरटीचेच पाहा. दर एकरी ठरला तर ड्रायव्हरला घाई. ट्रॅक्टर वेगात, फाळ वर, नांगरट उथळ. दर तासावर ठरला तर घाई शेतकऱ्याला. जाणता शेतकरी म्हणून एकरी दर ठरवतो आणि हातात काठी घेऊन तासामागून चालतो, मधूनच काठी खुपसून खोली पाहतो. त्याला हवी आहे नऊ इंच मोकळी माती. विकली जाते आहे एकराची फेरी. या दोहोंतली फट काठीने भरून काढावी लागते.

ऊसतोडणीत ही फट आणखी रुंद होते. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरचा छत्रपती, कारखाना कोणताही असो, सभासद शेतकरी स्वतः ऊस तोडून गाडीत घालून नेत नाही. तोडणी आणि वाहतूक कारखाना लावतो आणि तिचा खर्च उसाच्या भावातून वळता होतो. टोळीला मजुरी टनावर मिळते. बुडख्याजवळून, जमिनीलगत तोडायचे तर वाकावे लागते, वेळ जातो. चार बोटे वरून तोडले तर कोयता भराभर चालतो. पण उसाच्या कांडात साखर बुडख्याकडे जास्त आणि शेंड्याकडे कमी असते. म्हणजे रानात राहते ते सगळ्यात गोड कांडे, शिवाय खोडव्याची फूटही नीट होत नाही. टोळीचा यात दोष काय? उचल घेऊन, मुलेबाळे बरोबर घेऊन आलेल्या माणसाला आपण टनाचे पैसे देतो, साखरेचे देत नाही. आणि तोड कधी येणार हे शेतकऱ्याच्या हाती नसल्यामुळे लवकर तोडीसाठी 'खुशाली' सुरू होते. ठरलेल्या मापात जे मावत नाही ते मापाबाहेरून वसूल होते.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच मातीतले आहे. बलुतेदारीत सुताराला प्रत्येक दुरुस्तीचे वेगळे पैसे मिळत नसत. वर्षाचे ठरलेले धान्य मिळे आणि त्याबदली शेतकऱ्याचा नांगर, कुळव, पाभर वर्षभर चालते ठेवणे हे त्याचे काम. औजार वारंवार मोडले तर कष्ट सुताराचे वाढत, धान्य तेवढेच राही. म्हणजे पक्के काम करण्यात त्याचा स्वतःचा फायदा होता. बलुतेदारीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. तिच्यात जातीची सक्ती होती, आणि गावाशी घासाघीस करण्याची ताकद सुताराकडे नव्हती. पण तिच्यातला आर्थिक सांधा लक्षात घेण्याजोगा आहे. १९६२ साली ब्रिटनमधल्या ब्रिस्टल सिडली या कंपनीने आपल्या व्हायपर जेट इंजिनासाठी नेमका असाच करार बाजारात आणला. विमानाचा मालक उड्डाणाच्या तासामागे ठरावीक रक्कम देणार, आणि इंजिन चालू ठेवण्याची सगळी जबाबदारी कंपनीची. इंजिन बंद पडले की आता नुकसान कंपनीचेही होऊ लागले. ही कंपनी पुढे रोल्स-रॉइसमध्ये गेली आणि ती पद्धत विमानउद्योगात रुजली.

विजेच्या दिव्यांची गोष्ट याच्या नेमकी विरुद्ध आहे. १९२४ साली जिनिव्हात जगातल्या मोठ्या दिवे-उत्पादकांनी संगनमत करून दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणायचे ठरवले. त्याआधीचे दिवे याहून जास्त टिकत. ज्याचे दिवे ठरल्यापेक्षा अधिक टिकतील त्याला दंड! दिवा विकणाऱ्याला तो लवकर जाण्यात फायदा असतो. २०१५ साली ॲम्स्टरडॅमच्या स्किफोल विमानतळाने फिलिप्सशी केलेला करार याशेजारी ठेवून पाहावा. त्यात दिवे कंपनीच्याच मालकीचे राहतात आणि विमानतळ फक्त प्रकाशाचे पैसे देतो. आता दिवा टिकवण्यात कंपनीचा फायदा.  पैशाचे माप बदलले आणि दिवा टिकवावा असे बनवणाऱ्यालाच वाटू लागले.

कालव्याचे पाणी

या भागातली सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी सेवा म्हणजे नीरा डावा कालवा. तो १८८० च्या दशकात सुरू झाला. भाटघरच्या धरणातले पाणी पुरंदर, बारामती करीत इंदापूरपर्यंत येते. कालवा शेतकऱ्याचा नव्हे, पाणीही त्याचे नव्हे; तो पाणीपट्टी भरतो आणि पाळी घेतो. ही पट्टी पारंपरिकरीत्या पीक आणि क्षेत्र यांवर बसते. उसाच्या एकराला इतके, ज्वारीच्या एकराला इतके. पाणी किती घेतले हे मापात येतच नाही.

मग काय होते? एकराचे पैसे भरले की जादा पाण्याला वेगळी किंमत नाही. त्यात पुढची पाळी वेळेवर येईल याची खात्री नाही. म्हणून आली पाळी की रान तुडुंब भरून घ्यायचे. यात लोभापेक्षा भीती जास्त आहे. पण जादा पाणी खोल काळ्या जमिनीतून निचरून जात नाही, तळाशी साठते. भूजल वर चढत चढत जमिनीखाली मीटर-दीड मीटरवर आले की केशाकर्षणाने ते पृष्ठभागापर्यंत पोचते, उन्हाने उडून जाते आणि विरघळलेले क्षार वर ठेवून जाते. त्यांतले सोडियम चिकणमातीच्या कणांवरच्या कॅल्शियमची जागा घेते. कॅल्शियम कणांना एकत्र धरून ठेवतो. सोडियमने ते सुटे होतात, छिद्रे बुजतात, पाणी आणि हवा आत शिरेनाशी होते. जमीन चोपण होते. नीरेच्या कालव्यावर हा रोग गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच दिसू लागला होता. त्याच सुमारास विश्वेश्वरय्यांनी या कालव्यावर ब्लॉक पद्धत सुचवली. तिच्यात पाणी ठरावीक जमिनींच्या गटांना, ठरावीक पिकांच्या फेरपालटीने द्यायचे होते. पाणी अधिक गावांना मिळावे हा तिचा एक हेतू. पाणी मोजून विकावे हा विचारही तेव्हापासूनचा आहे, पण चारीचारीवर मोजणे आणि ते माप सगळ्यांनी मान्य करणे सोपे नव्हते. २००५ साली महाराष्ट्राने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला. त्यात पाणीवापर संस्थेला घनफळाने मोजून पाणी देण्याची तरतूद आली. शंभर वर्षांनी माप एकरावरून घनमीटरकडे सरकू लागले.

दरम्यान ज्यांना शक्य होते त्यांनी विहिरी खोदल्या, पंप बसवले, शेततळी केली. त्यांत पाणी बरेचसे कालव्याच्याच पाझराचे किंवा पाळीचे असते. पण ते हवे त्या दिवशी मिळते. वाफशाला ट्रॅक्टर नंबराने मिळेना म्हणून तो विकत घेतला, तसाच हा प्रकार. सेवेची वेळ बेभरवशाची झाली की मालकी आपोआप वाढते.

विकत घेतले, तरी कोणाचे?

अलीकडे विकत घेणे आणि सेवा घेणे यांच्यातली रेषाच पुसट होऊ लागली आहे. नव्या यंत्रांत संगणक असतो. तो कुलूपबंद असेल तर यंत्राचे पूर्ण पैसे देऊनही ते दुरुस्त करण्याचा अधिकार मालकाकडे राहत नाही. अमेरिकेत शेतकऱ्यांनी यावर मोठा आवाज उठवला. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीयंत्रांच्या दुरुस्तीसाठी लागणारी माहिती, साधने व सॉफ्टवेअर शेतकऱ्याला उपलब्ध करून देणे उत्पादकांना बंधनकारक केले. आपल्याकडचा जुना ट्रॅक्टर गावचा मिस्त्री पान्यांच्या एका संचावर खोलून देतो. ही सोय किती मोलाची आहे ते ती गेल्यावर कळेल.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने २०२४ पासून उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवला आहे. उपग्रहाची चित्रे, शेतातले हवामान-केंद्र आणि मातीतले संवेदक यांच्या आधारे पाणी कधी द्यावे, खत किती द्यावे याचा सल्ला मोबाइलवर येतो. उपग्रह कोणी शेतकरी विकत घेणार नाही हे उघड आहे. ही गोष्ट सेवा म्हणूनच मिळणार, आणि ती मिळावी. मात्र येथे पूर्वी कधी न आलेला प्रश्न येतो. ट्रॅक्टर भाड्याने आणला तर तो संध्याकाळी परत जातो आणि रान आपल्याकडे राहते. येथे रानाची माहिती दुसरीकडे जाऊन साठते. सेवा बंद केली तर मागच्या पाच वर्षांच्या ओलाव्याच्या नोंदी शेतकऱ्याला मिळतील का? त्या दुसऱ्या कोणाला विकता येतील का? अशी कोणतीही सेवा घेताना हे लेखी असावे असे आमचे मत आहे.

मालकीबरोबर काही गोष्टी न मागता येतात, त्यांचीही नोंद घेतली पाहिजे. बैलजोडी वर्षातले पुष्कळ दिवस दावणीला बसून खात असे, पण रोज शेणही देत असे. भाड्याच्या ट्रॅक्टरच्या हिशेबात शेणखताचा रकाना नसतो. पाभर धरता येणारा माणूस घरात असण्याचेही तसेच आहे.

शिक्षकांना हा विषय प्रकल्प म्हणून देता येईल. मुलांनी वीस घरांत जाऊन प्रत्येक औजारापुढे चार गोष्टी लिहाव्यात: गेल्या वर्षी ते किती दिवस चालले, कोणत्या महिन्यात चालले, बिघडल्यावर खर्च कोणी केला, आणि भाड्याने दिले-घेतले असल्यास पैसे कोणत्या मापाने ठरले. महिन्यांचा स्तंभालेख काढला की गाव जिरायती की बागायती हे नाव न सांगता ओळखता येते. फवारणीचा पंप, मळणी यंत्र, शिलाई यंत्र, पिठाची गिरणी यांची तुलना आवर्जून करावी. नांगरटीच्या दिवसांत एकरी आणि तासी अशा दोन्ही दराने झालेली राने सापडली तर दहा-दहा ठिकाणी खोली मोजून सरासरी काढावी. त्यासाठी एक लोखंडी सळई आणि फूटपट्टी पुरते.